जर्मनी: पहिले शंभर दिवस, तीन नंबर, आणि पेन्शन काढावी की ठेवावी?

तळजाई

दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरहून बरीच मंडळी नोकरीला किंवा शिकायला जर्मनीत येतात आणि बँक, कर, विमा यांबद्दल तेच प्रश्न दहा ठिकाणी विचारतात. सगळं एकाच धाग्यात असावं म्हणून हा उघडतो आहे. आकडे २०२५ सालचे द्या, म्हणजे पुढे कोणी वाचलं तर कळेल काय बदललं.

दोन प्रश्न:

१) आल्यावर कुठल्या क्रमाने काय करायचं?
२) चार-पाच वर्षांनी भारतात परत जाताना पेन्शन विम्यात भरलेली रक्कम काढून घ्यावी की तिथेच ठेवावी?

माझं मत आधीच सांगतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'पत्ता'. घरनोंदणी म्हणजे आनमेल्डुंग झाल्याशिवाय पुढचं एकही चाक हलत नाही. आणि दुसऱ्याचं उत्तर 'काढू नये'.

नेकारकाठ

पत्त्याबद्दल शंभर टक्के सहमत. घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची असते. भाडेकरार पुरत नाही, घरमालकाने सही केलेला वेगळा कागद लागतो: वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. घर ठरवतानाच "हा कागद देणार ना?" असं विचारून घ्या. तात्पुरत्या मुक्कामाच्या जागांवर नेमकं इथेच घोडं अडतं.

नोंदणीची वेळ मोठ्या शहरांत लवकर मिळत नाही. ऑनलाइन वेळा सकाळी लवकर पाहाव्यात, कोणी रद्द केलेल्या वेळा तेव्हा दिसतात. शहराच्या कुठल्याही भागातलं बुर्गरआम्ट (नोंदणीचं नागरी कार्यालय) चालत असेल तर घराजवळचंच हवं म्हणून अडून बसू नका.

मुठाकाठ

आणि पत्रपेटीवर नाव! हे कोणी सांगत नाही. इथे पोस्टमन घर नंबरावर नाही, पेटीवरच्या नावावर पत्र टाकतो. कराचा नंबर, बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड, सगळं पोस्टाने येतं. नाव नसेल तर पत्र परत जातं आणि तुम्ही महिनाभर वाट बघत बसता. कुणाच्या घरात खोली घेतली असेल तर त्या पेटीवर आपल्या आडनावाची चिठ्ठी पहिल्या दिवशी डकवा, पावसात शाई उतरणार नाही अशी.

हिशेबनीस

तीन नंबरांचा घोळ आधी मिटवू.

श्टॉयर आयडी, म्हणजे कराची ओळख: ११ आकडी, जन्मभर एकच. आनमेल्डुंग झालं की साधारण दोन ते चार आठवड्यांत पोस्टाने येतो. वेगळा अर्ज करायचा नसतो. घाई असेल तर पासपोर्ट आणि नोंदणीचा कागद घेऊन आपल्या फिनान्त्सआम्टमध्ये, म्हणजे कर कार्यालयात, जाऊन विचारता येतं.

श्टॉयरनुमर, म्हणजे कराच्या फाइलचा नंबर: हा फिनान्त्सआम्ट विवरणपत्र भरल्यावर देतं. दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीत राहायला गेलात की बदलतो. नोकरदाराला पहिल्या महिन्यात याची गरज नाही.

सामाजिक विम्याचा नंबर: १२ अक्षरं. त्यात तुमची जन्मतारीख असते आणि मधलं एक अक्षर जन्माच्या आडनावाचं आद्याक्षर. म्हणजे लग्नानंतर कुलकर्णीची देशपांडे झाली तरी अक्षर कुलकर्णीचंच राहतं. ते चुकीचं नाही, दुरुस्तीला जाऊ नका.

कंपनी पहिल्या आठवड्यात "आयडी द्या" म्हणते ती ११ आकडी. ती पोस्टात अडकली असेल तर कंपनी जास्तीत जास्त तीन महिने अंदाजे नेहमीच्या करवर्गाने (वर्ग कुटुंबस्थितीप्रमाणे एक ते सहा) कर कापू शकते. तुमच्याच चुकीने नंबर दिला गेला नाही तर मात्र वर्ग सहा लागतो, म्हणजे सगळ्यांत जबर कपात. तो पैसा बुडत नाही, नंबर दिल्यावर किंवा विवरणपत्रात परत मिळतो, पण पहिल्या महिन्यात घराची अनामत भरायची असते तेव्हाच हात आखडतो.

पातोळी

गोव्यातल्या आणि वसईकडच्या ख्रिस्ती वाचकांसाठी. आनमेल्डुंगच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथे 'रोमन कॅथलिक' लिहिलं की चर्चचा कर सुरू होतो: बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. पगाराच्या नव्हे, आयकराच्या. भरायचा की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, पण तो रकाना म्हणजे निव्वळ माहिती नाही एवढं माहीत असू द्या. नंतर बाहेर पडायचं तर राज्याप्रमाणे कोर्टात किंवा नोंदणी कार्यालयात स्वतः जाऊन लेखी द्यावं लागतं. हिंदू, बौद्ध, मुस्लिम यांना हा कर लागत नाही.

आमसूल

बँकेचं कोणी बोलेना. पगाराला खातं आधी लागतं ना?

नेकारकाठ

लागतं, आणि इथे थोडी मोकळीक आहे. पगारासाठी जर्मन आयबॅनच (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) हवा असं कंपनी म्हणू शकत नाही. सेपा, म्हणजे युरोतल्या बँक व्यवहारांच्या नियमांप्रमाणे युरोपीय संघातल्या कुठल्याही देशाचा आयबॅन घ्यावाच लागतो. त्यामुळे नोंदणीची वाट पाहत असताना दुसऱ्या देशाचा आयबॅन देणारं ॲपचं खातं पहिल्या पगारापुरतं चालून जातं.

जर्मन खात्याला ओळख पटवायची असते. बऱ्याच बँकांच्या व्हिडिओ तपासणीत भारतीय पासपोर्ट चालत नाही. त्याऐवजी पोस्टात जाऊन ओळख पटवण्याचा पर्याय निवडा: कोड छापून न्यायचा, पासपोर्ट दाखवायचा, दहा मिनिटांचं काम. बँकेने नाही म्हटलं तर कायदेशीर वास्तव्य असलेल्या कोणालाही मूळ खातं, म्हणजे बाझिसकोंटो, मागण्याचा हक्क आहे. 'बाझिसकोंटो' हा शब्द अर्जावर लिहूनच द्या, मग बँकेला १० कामकाजी दिवसांत निर्णय द्यावा लागतो.

लास्टश्रिफ्ट म्हणजे समोरच्याने तुमच्या खात्यातून पैसे ओढणं. वीज, इंटरनेट, विमा सगळे हेच मागतात. घाबरू नका. चुकीची रक्कम ओढली तर आठ आठवड्यांत कारण न सांगता परत फिरवता येते, आणि परवानगीच दिली नसेल तर १३ महिन्यांपर्यंत.

मुठाकाठ

९ ऑक्टोबर २०२५ पासून एक नवी गोष्ट आली आहे, आपल्या नावांना ती नडणार. पैसे पाठवताना बँक आयबॅनशी नाव जुळतं का ते तपासते आणि पाठवणाऱ्याला जुळतं, साधारण जुळतं किंवा जुळत नाही असं दाखवते. आपल्याकडे पासपोर्टवर नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. बँकेने 'प्राजक्ता सुरेश' नोंदलं आणि कंपनीने फक्त 'प्राजक्ता' लिहिलं की शंका येते. खातं उघडल्यावर बँकेच्या नोंदीत नाव अक्षरशः कसं आहे ते पाहा आणि कंपनीला, घरमालकाला, विमा कंपनीला तेच द्या.

आमसूल

हे फार कामाचं. वाखूण साठवली. आता पगारपत्रक कोणी उलगडून सांगेल का? निम्मा पगार कुठे जातो तेच कळत नाही.

हिशेबनीस

महिना ५,००० युरो ढोबळ पगार धरा, मूल नाही, वय २३ च्या वर, राज्य साक्सेन सोडून कुठलंही. आयकर बाजूला ठेवून फक्त सामाजिक विमा, तुमचा वाटा:

पेन्शन ९.३ टक्के: ४६५
आरोग्य ७.३ टक्के अधिक आपापल्या विमा संस्थेच्या जादा हप्त्याचा अर्धा भाग. २०२५ ची सरासरी जादा २.५ टक्के, म्हणून १.२५ धरला: एकूण ४२७.५०
बेरोजगारी १.३ टक्के: ६५
शुश्रूषा विमा १.८ टक्के अधिक मूल नसल्याचा ०.६: १२०

बेरीज १,०७७.५०. शुश्रूषा विम्याचा तो जादा ०.६ वगळता जवळपास तेवढंच कंपनी वेगळं भरते.

आता शेवटची ओळ पाहा. तुम्हाला मूल असेल आणि कंपनीला ते माहीत नसेल तर दर महिन्याला ३० युरो उगाच जातात. मुलाचा जन्मदाखला पगार विभागाला द्या. दोन किंवा अधिक मुलं २५ च्या आतली असतील तर दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत प्रत्येकी आणखी ०.२५ टक्के कमी होतात.

कपातीला वरची मर्यादाही आहे. २०२५ ला आरोग्य आणि शुश्रूषा विमा महिना ५,५१२.५० पर्यंतच्या पगारावर, पेन्शन आणि बेरोजगारी ८,०५० पर्यंत. त्याच्या वरच्या पगारावर हप्ता नाही.

शेवग्याची_शेंग

मग खासगी आरोग्य विमा का घेऊ नये? पगार जास्त असेल तर तो स्वस्त पडतो. २०२५ ला वर्षाला ७३,८०० च्या पुढे असलात की सरकारी सोडता येतो.

नेकारकाठ

तिशीतल्या एकट्या माणसाला स्वस्त पडतो, हे खरं. पण सरकारी क्रांकेनकासेत (आरोग्य विमा संस्थेत) न कमावणारा जोडीदार आणि मुलं एकाच हप्त्यात येतात, खासगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा. २०२५ ला जोडीदाराचं उत्पन्न महिना ५३५ युरोच्या आत हवं, मिनीजॉब (ठरावीक मर्यादेतल्या पगाराचं छोटं काम) असेल तर ५५६. वय वाढलं की खासगीचा हप्ता चढतो, आणि ५५ नंतर सरकारीत परतायचा रस्ता जवळजवळ बंद होतो. लग्न, मुलं, किंवा कायम राहण्याचा विचार यांतलं काहीही डोक्यात असेल तर सरकारीतच राहा. हे मी कळकळीने सांगतो आहे, कारण हा निर्णय उलटवणं फार अवघड जातं.

मुठाकाठ

+१. आणि क्रांकेनकासे तुम्हीच निवडा, नोकरी सुरू व्हायच्या आधी. नाहीतर कंपनी निवडते. मूळ दर सगळीकडे सारखाच, जादा हप्ता मात्र वेगवेगळा. नोकरी बदलली नाही तर एकदा धरलेली कासे सहसा १२ महिने सोडता येत नाही.

आमसूल

लग्न झालेल्यांनी कराचा वर्ग तीन घ्यावा असं सगळे म्हणतात. बायको अजून कोल्हापुरात असेल तरी चालतं?

हिशेबनीस

नाही. जोडीदार इथे राहायला आलेला नसेल तर तुम्हाला वर्ग एक लागतो. ती आली, तिचं आनमेल्डुंग झालं, तिला श्टॉयर आयडी मिळाली, की फिनान्त्सआम्टला वर्गबदलाचा अर्ज करायचा. अर्जाच्या पुढच्या महिन्यापासून लागू होतो, आणि चालू वर्षासाठी ३० नोव्हेंबरपर्यंतच करता येतो.

पण खरी मेख पुढे आहे. ती डिसेंबरात जरी राहायला आली तरी त्या वर्षाचं विवरणपत्र दोघांचं एकत्र भरता येतं. एकाचंच उत्पन्न असेल तर यात मोठी रक्कम परत येते. येण्यापूर्वी तिला भारतात पगार होता तर तो दाखवावा लागतो. त्यावर इथे कर नाही, पण तो तुमच्या कराचा दर वर ढकलतो. तुमच्या स्वतःच्या आधीच्या भारतातल्या पगाराचंही तेच. 'भारतातलं ते भारतात' म्हणून रकाना कोरा सोडायचा नाही.

वर्ग तीन-पाच घेतला की विवरणपत्र सक्तीचं, मुदत पुढच्या वर्षीची ३१ जुलै. वर्ग एकमध्ये एकच पगार असेल तर बहुधा ऐच्छिक, आणि चार वर्षांपर्यंत भरता येतं. भरा. पहिल्या वर्षी मधेच आलेल्यांची कपात पूर्ण वर्षाच्या हिशेबाने झालेली असते, म्हणून परतावा सहसा निघतो. एल्स्टर या सरकारी संकेतस्थळाचा सक्रियतेचा कोडही पोस्टानेच येतो, म्हणून मे महिन्यातच नोंदणी करून ठेवा.

शेवग्याची_शेंग

भारतातल्या एनआरई खात्याचं (अनिवासीचं, परदेशी कमाई ठेवायचं खातं) व्याज करमुक्त असतं, ते काही दाखवायला नको.

हिशेबनीस

शेंग, इथे थांबवतो, कारण ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त आहे. जर्मनीत राहणाऱ्याला जगभरातल्या उत्पन्नावर इथे कर लागतो, आणि एनआरई, मुदतठेव, पीपीएफ हे सगळं व्याज त्यात येतं. दर २५ टक्के आणि त्यावर साडेपाच टक्के अधिभार. वर्षाला माणशी १,००० युरोपर्यंतचं भांडवली उत्पन्न सुटतं, जोडप्याला २,०००. दोन्ही देश खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप कळवतात, त्यामुळे पाच वर्षांनी पत्र येऊ शकतं.

एनआरओ खात्यावर (अनिवासीचं, भारतातल्या उत्पन्नाचं खातं) भारतात टीडीएस ३० टक्के अधिक उपकर कापतात. दोन देशांमधल्या करारात मात्र व्याजावर १० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि जर्मनी तेवढीच वजावट देते. बाकीचे पैसे इथे मागून मिळत नाहीत. म्हणून फिनान्त्सआम्टकडून इथले करनिवासी असल्याचा दाखला घ्या, सोबत करारातला दर मागण्याचा भारतीय फॉर्म (२०२५ ला १०एफ) भरा आणि भारतातल्या बँकेला द्या, म्हणजे मुळातच १० टक्के कापतील. आधीच जास्त कापलं असेल तर भारतात विवरणपत्र भरून परत मागा.

आणि अनिवासी झाल्यावर जुनं बचत खातं तसंच चालू ठेवणं भारताच्या फेमा (परकीय चलन) कायद्यात बसत नाही. ते एनआरओ करून घ्यायचं. शाखेत कागद देणं इथून फार किचकट होतं, निघण्यापूर्वी करता आलं तर उत्तम.

शेवग्याची_शेंग

हे माहीत नव्हतं, मनापासून आभार. माझी वरची ओळ कोणी खरी मानू नका.

पातोळी

आईवडिलांना पैसे पाठवणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. त्याची वजावट मिळते, पण भारतासाठी मर्यादा जर्मन रकमेच्या एक चतुर्थांश, म्हणजे २०२५ ला माणशी ३,०२४ युरो. २०२५ पासून रोख दिलेलं अजिबात धरत नाहीत, त्यांच्याच खात्यात बँकेतून गेलेलं हवं. शिवाय गरज असल्याचं निवेदन ठरलेल्या छापील अर्जावर, तिथल्या अधिकाऱ्याच्या शिक्क्यासह. पहिली रक्कम जूनमध्ये पाठवलीत तर फक्त जून ते डिसेंबर, म्हणजे बारातले सात महिने धरतात. मागच्या महिन्यांना ती लागू होत नाही. म्हणून वर्षातली पहिली रक्कम जानेवारीतच पाठवा.

मुठाकाठ

आणि एकाच वेळी ५०,००० युरोच्या वर परदेशी पाठवलं किंवा तिकडून आलं, उदाहरणार्थ तिथली जागा विकून, तर बुंडेसबँकेला, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेला, कळवावं लागतं. कर नाही, नुसती नोंद. पण चुकली तर दंड आहे.

आमसूल

लहान मूल बरोबर येणार असेल तर?

नेकारकाठ

किंडरगेल्ड, म्हणजे मुलासाठीचा सरकारी भत्ता: २०२५ ला महिना २५५ युरो, तो देणाऱ्या फामिलियनकासे या कार्यालयाकडे अर्ज. मागचे फक्त सहा महिने मिळतात, त्यामुळे 'स्थिरस्थावर झाल्यावर बघू' असं करू नका. मुलाचीही श्टॉयर आयडी लागते. जन्मदाखला मराठीत असेल तर इथल्या शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर करून घ्या. भारताची अपोस्टिल (कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का) जर्मनी मानत नाही, तिच्यावर पैसे घालवण्याआधी संबंधित कार्यालयाला नक्की काय हवं ते लेखी विचारा.

कोथरूडकर_ते_क्योल्न

सगळं वाचलं. आता तळजाईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे यायचं का? 'काढू नये' हे सरसकट मत मला पटत नाही.

आधी नियम. जर्मनीतले हप्ते ६० महिने किंवा जास्त झाले की निवडच उरत नाही, रक्कम परत मिळत नाही, पेन्शनच मिळते. ६० च्या आत असाल तरच प्रश्न येतो. तेव्हा भारतात परतल्यावर, हप्ते बंद झाल्यापासून २४ महिने थांबून अर्ज करता येतो. मिळतो तो फक्त तुमचा ९.३ टक्क्यांचा वाटा. कंपनीचा नाही, व्याजही नाही. दुसऱ्या युरोपीय देशात नोकरी धरलीत तर ते २४ महिने सुरूच होत नाहीत.

हिशेबनीस

आकड्यात मांडतो. वर्षाला ६०,००० पगार, चार वर्षं. परत मिळतील २२,३२०. ठेवले तर: २०२५ चा सरासरी पगार ५०,४९३ धरतात, तेवढ्या पगाराला वर्षाला पेन्शनचा एक गुण, म्हणजे ६०,००० ला वर्षाला जवळपास १.१९ गुण, चार वर्षांत ४.७५. जुलै २०२५ पासून एका गुणाला महिना ४०.७९ युरो, म्हणजे त्या भावाने महिना सुमारे १९४ युरो पेन्शन, वयाच्या ६७ पासून. साडेनऊ-दहा वर्षांत काढलेली रक्कम भरून निघते, आणि गुणाचा भाव पगारांबरोबर वाढत जातो.

तळजाई

म्हणूनच मी 'काढू नये' म्हटलं. पण चार वर्षांत ६० महिने होत नाहीत, मग पेन्शनचा हक्क कुठून येणार हे मी सांगायला हवं होतं. १ मे २०१७ पासून भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार लागू आहे. हक्कासाठीचे ६० महिने मोजताना भारतातल्या पीएफचा काळ जोडला जातो. इथले ४८ आणि तिथले १२ झाले तरी पेन्शन मिळते, अर्थात इथल्या ४८ महिन्यांच्या हप्त्यांवर.

कोथरूडकर_ते_क्योल्न

ते मान्य. पण ज्याला आज तिशीत पुण्यात घराच्या कर्जाचं ओझं आहे, त्याला ६७ व्या वर्षीचे १९४ युरो दाखवून काय उपयोग? त्याने काढणं चूक नाही. फक्त एक गोष्ट त्याने समजून घ्यावी: रक्कम काढली की ते सगळे महिने पुसले जातात, पुन्हा जर्मनीत आलात तरी शून्यापासून सुरुवात. परत येण्याची शक्यता वाटत असेल तर हात लावू नये.

मुठाकाठ

इथेच विद्यार्थ्यांसाठी. वेर्कश्टुडंट म्हणून (शिकता शिकता अर्धवेळ नोकरी) काम केलं तर पगारातून आरोग्य आणि बेरोजगारी विमा कापत नाहीत, पण पेन्शनचे ९.३ टक्के जातात आणि ते महिने ६० मध्ये धरले जातात. मिनीजॉबमध्ये पेन्शनमधून सूट मागता येते. ती सही विचार करून करा, कारण मग ते महिने पूर्ण हप्त्याचे धरत नाहीत. कायम वास्तव्याच्या परवान्यालाही पेन्शनच्या हप्त्यांचे महिने मोजतात, पण ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) केलेल्या नोकरीतले: जर्मन भाषा ए१ म्हणजे प्राथमिक पातळीची असेल तर २७, बी१ म्हणजे मध्यम पातळीची असेल तर २१.

आमसूल

आणि भारतातल्या कंपनीने पाठवलेल्यांचं?

तळजाई

त्यांना पीएफ कार्यालयाकडून कव्हरेजचा दाखला मिळतो, ४८ महिन्यांपर्यंत. मग जर्मन पेन्शनचा हप्ता कापला जात नाही, भारतातला पीएफ चालू राहतो. हातात पगार जास्त येतो, पण इथे एकही महिना जमा होत नाही. आरोग्य विमा या दाखल्यात येत नाही, तो वेगळा पाहावा लागतो.

कोथरूडकर, तुमचं पटलं. माझं मत बदलून लिहितो: ६० च्या आत असाल, परत यायचं नसेल आणि पैशाची आज निकड असेल तर काढा. बाकीच्यांनी ठेवा.

हिशेबनीस

काढा किंवा ठेवा, निघण्यापूर्वी एवढं करा. रेंटेनफरझिशेरुंग या पेन्शन विमा संस्थेकडून आपला विमा-इतिहास मागवा आणि महिने पगारपत्रकांशी ताडून पाहा. एखादा महिना गायब असेल तर इथे असतानाच दुरुस्त होतो, नंतर पत्रव्यवहारात वर्ष जातं. आबमेल्डुंग, म्हणजे घरनोंदणी रद्द करणं, घर सोडण्याच्या आधी फार तर एक आठवडा आणि नंतर दोन आठवड्यांत करायचं असतं. त्याचा दाखला जपून ठेवा, परताव्याच्या अर्जाला तो लागतो. अर्जाचा नमुना व्ही ०९०१. जर्मन खातं मात्र लगेच बंद करू नका, शेवटच्या वर्षाचा कराचा परतावा तिथेच यायचा असतो.

आमसूल

विमा-इतिहास मागवायला काय लागतं?

हिशेबनीस

फक्त तो १२ अक्षरी नंबर. संकेतस्थळावर अर्ज केला की पत्र घरी येतं. पेटीवर नाव असेल तर.